रस्त्याकडची मोहरी

पौषात आभाळ आलं की माझा चहा गार होतो. कप हातात असतो, नजर वर असते आणि घोट घ्यायचा राहून जातो. पावसाळ्यातल्या ढगांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा थंडीतल्या ढगाखाली मोहरीच्या बांधावर उभं राहून दाखवावं. हे ढग गडगडत नाहीत, बरसतही नाहीत. न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखे येऊन बसतात, उठायचं नाव घेत नाहीत आणि हवा कोमट करून टाकतात. आमच्या खानदेशात रब्बीला थंडी हवी असते, बोटं आखडून टाकणारी. ती हटली की मावा येतो. एवढेसे हिरवट किडे, बोटाने चिरडले तर चिकट पाणी होतं त्यांचं, पण एकदा का फुलोऱ्यावर बसले की सोन्यासारखं पीक शोषून घेतात.

आज सकाळी तसंच आभाळ आहे. आमचं घर गावाच्या टोकाला. अंगणातून पायवाट उतरते ती थेट वावरात, आणि वावराच्या पलीकडच्या कडेने पारोळ्याचा डांबरी रस्ता जातो. मोहरी फुलावर आहे. उन्हात हा पिवळा रंग डोळ्यांत मावत नाही. आज मात्र तो मळकट दिसतोय. मी ओट्यावर बसून वास घेतेय, कारण मावा पडला की हवेला किंचित गोडसर वास येतो असं माझी सासू म्हणते. मला तो वास आजवर एकदाच आला, तिने या वावरात पहिल्यांदा मोहरी पेरली त्या हंगामात. त्यानंतर ढग दिसला की नाकाला तो उगाचच येतो.

माझं माहेर फैजपूरकडचं, केळीच्या मुलखातलं. तिकडे पिकाला खत टाकत नाहीत, पाजतात. ठिबकच्या नळीतून, आठवड्याला ठरलेलं, तान्ह्या बाळाला औषध द्यावं तसं. माझे वडील खताच्या गोणीवरची बारीक अक्षरं चष्मा चढवून वाचायचे. अशा घरातून मी पारोळ्याकडच्या या कापसाच्या गावात सून होऊन आले, तेव्हा पहिल्या वर्षी माझ्या बोलण्याला सगळे हसले आणि मी त्यांच्या खत टाकण्याला. इथे आबा, म्हणजे माझे सासरे, युरियाचं घमेलं काखेत धरून वावरातून चालत जायचे आणि मुठीमुठीने उधळायचे. लग्नात अक्षता टाकतानासुद्धा माणूस याहून जपून टाकतो. आबांचं शेतीशास्त्र एका ओळीचं होतं: पीक हिरवं दिसलं पाहिजे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, हे त्यात न बोलता धरलेलं असायचं.

मोहरी मात्र या घरात पीक नव्हतीच. ती बांधावर असायची. गव्हाच्या, हरभऱ्याच्या कडेने अक्का, म्हणजे माझी सासू, मूठभर दाणे मातीत कालवून फेकायची आणि विसरून जायची. बांधावर जे उगवेल ते घरातल्या बायकांचं, अशी आमच्याकडे रीत. मोहरी, तीळ, अंबाडी जे काय येईल ते. त्याचे जे काही पैसे येतील त्यांचा हिशोब कोणी पुरुष विचारत नसे. त्यातून नणंदांच्या बांगड्या व्हायच्या, लोणच्याची मोहरी घरची व्हायची, आणि अक्काच्या पेटीत थोडं काही उरायचं. अट एकच. बांधाला खत मागायचं नाही, पाणी मागायचं नाही. वावराच्या तोंडून सांडेल तेवढ्यावर बांधाने जगायचं. नवी सून म्हणून मला ही रीत फार गोड वाटली होती. पुढे लक्षात आलं की गोड म्हणजे किती, तर ताटाबाहेर सांडलेलं असतं तेवढं.

मग ट्रॅक्टर आले. बैल बांधापाशी वळताना हातभर जागा सोडायचे. ट्रॅक्टरवाला सोडत नाही. दरवर्षी नांगराचा फाळ बांधाला थोडा थोडा कातरत गेला. कोणी मुद्दाम केलं नाही. पण एका दिवाळीत अक्का मोहरीचे दाणे घेऊन वावरात गेली आणि दाणे तसेच ओच्यात घेऊन परत आली. पाय ठेवायला जागा होती तिथे, पेरायला नव्हती.

त्या संध्याकाळी तिने आबांपुढे विषय काढला. ओट्यावर भावकीतले दोघं-तिघं बसलेले होते, आणि अक्का चारचौघांत सहसा तोंड उघडत नाही.

"बांध ट्रॅक्टरनी खाई टाका," ती म्हणाली. "आते माले वावर द्या. रस्त्याकडलं. मोहरी पेरसू, खत टाकीसन."

आबा हसले. मग ती हसत नाही हे बघून थांबले.

"बांधवरनं तुमनं, वावरमानं घरनं. हाई रीत शे. खत मांगं म्हंजे ते पीक झाये."

"पीकच करनं शे माले."

भावकीतल्या कोणीतरी खोकून घेतलं. आबांना चारचौघांत नाही म्हणवेना आणि हो म्हणणंही जड जात होतं. मग त्यांनी शर्त घातली. "बरं. एक हंगाम. हरभरापेक्षा बरी उनी तं दरसाल त्या वावरमा काय पेरनं ते तू ठरावशी. नही उनी तं परत वावरनं नाव काढू नको."

"चाली," अक्का म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली.

सगळा जन्म वावरात राबलेल्या या बाईने पहिल्यांदा काय पेरायचं ते ठरवायचा हक्क मागितला होता, आणि तोही एका हंगामावर लागला होता. आमचे हे धुळ्याला नोकरीला, शनिवारी घरी येतात. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मी काय बोलू, आबा आहेत." माझा नवरा फार शांत माणूस आहे. काही दिवशी मला त्याचा शांतपणा उचलून विहिरीत टाकावासा वाटतो.

खताचं मी बघितलं. माहेरी फोन लावला तर वडील म्हणाले, "तेलाचं पीक आहे, त्याला गंधक लागतो. गंधक नसला तर दाण्यात तेल भरत नाही आणि मोहरीचा तिखटपणाही उतरतो." भावाने केळीसाठी आणलेल्या गंधकातली गोणी दिली, बसच्या टपावरून ती आली. पेरणीच्या वेळी सुपर फॉस्फेट, गंधक आणि थोडा युरिया मातीआड केला. उरलेला थोडा युरिया पहिल्या पाण्याला, तोही मोजून, आणि बस. अक्काने गंधकाचे दाणे हातावर घेऊन वास घेतला आणि म्हणाली, दिवाळीना फटाकासारखं शे. त्या दिवसापासून आमच्या घरात गंधकाचं नाव फटाका पडलं.

त्या हंगामाचे सुरुवातीचे दिवस आठवले की जिभेवर आधी भाजी येते. रोपं दाट उगवली होती. आम्ही दोघी ओळीत उकिडव्या बसून विरळणी करायचो, आणि उपटलेली कोवळी रोपं दुपारी कढईत जायची. लसूण, लाल मिरची, आणि शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. ती भाजी किंचित कडसर लागते आणि मग हळूच नाकात चढते. अक्का घास चावून थोडा वेळ थांबायची. नाकात झणझणलं की मान हलवायची. फटाका लागू पडला, एवढंच म्हणायची आणि पुढचा घास घ्यायची. मला ती तेव्हा कोवळ्या पोरीसारखी दिसायची.

पहिलं पाणी दिलं, मोजका युरिया दिला आणि नेमकी तेव्हा मोहरी जरा फिकी पडली. पडते ती. पाणी बसलं की काही दिवस पानं निस्तेज दिसतात, मग सावरतात. पण तेवढ्यात पारोळ्याच्या बसमधून उतरलेला भावकीतला एक जण आबांना म्हणाला, "काय आबा, मोहरीले भूक लागनी का? पिव्वळी पडी गयी." आबा रात्री कमी जेवले.

दोन-तीन दिवसांनी आम्ही सकाळी वावरात गेलो तर रस्त्याकडच्या पट्ट्यात पानांच्या बेचक्यांत पांढरे दाणे अडकलेले होते. दवात अर्धे विरघळलेले. जिथे विरघळले होते तिथे पानावर करपट डाग. युरिया. मुठीमुठीने, आबांच्या हाताने, रस्त्याच्या कडेपासून वावराच्या मध्यापर्यंत. पुढे बहुधा घमेलं संपलं होतं.

माझा तिळपापड झाला. मी घराकडे वळलेसुद्धा. अक्काने मनगट धरलं.

"बोलू नको. आते बोलनू तं भांडण पिकी, मोहरी नही."

मग ती वाकली आणि पदराच्या टोकाने पानावरचे दाणे टिपायला लागली. एवढ्या वावरात ती किती टिपणार होती? तरी ती टिपत राहिली, आणि दात-ओठ खात मीही टिपायला लागले. मनात एकच घोळत होतं: यांनी शर्त जिंकायला हे केलं की रस्त्यावरच्यांची लाज वाटली म्हणून? जाणून बुजून पीक बुडवणारे आबा नाहीत, हे मला माहीत होतं. पण राग आला की माहीत असलेलं काही उपयोगी पडत नाही.

पंधरवड्यात रस्त्याकडची मोहरी बघण्यासारखी झाली. काळपट हिरवी, रुंद पानांची, आतल्या मोहरीपेक्षा हातभर उंच. बसमधून उतरणारे थांबून बघायचे. आबांची चाल बदलली. आत, घराच्या बाजूला, आमची मोहरी आपली बेताची, कडक देठांची उभी होती. अक्का उंच मोहरीचं देठ दोन बोटांत दाबून बघायची. ते काकडीसारखं मऊ लागायचं. ती सोडून द्यायची आणि आभाळाकडे बघायची.

आणि पौषात आभाळ आलं.

पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगावरची गोधडी नकोशी झाली तेव्हा मी तशीच उठले. वावरात गेले तर रस्त्याकडच्या शेंड्यांवर मावा बसलेला होता. आतल्या मोहरीवर अजून नव्हता. कोवळं, रसाळ आधी. जनावर असो की किडा, सगळ्यांची आवड एकच. मधे फक्त एक पाण्याचा दांड होता. तो ओलांडायला माव्याला किती वेळ लागतो, याचा विचार करण्यात माझे ते सगळे दिवस गेले. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, फोनवर बोलताना. पिवळे चिकट सापळे लावले. निंबोळी अर्क फवारला. आणि रोज सकाळी आम्ही दोघी दांडाच्या कडेने, किडलेले शेंडे खुडून झाकणाच्या डब्यात टाकत चालायचो. तो गोडसर वास मला तेव्हा आला. बोटं चिकट व्हायची, आणि हात धुतले तरी भाकरीला तोच वास यायचा.

मी सारखी वर बघायचे. अक्का एकदा वैतागली. "आभायकडे देखीसन ते जास का? शेंडा खुड."

आबा रस्त्याच्या बाजूने येऊन उभे राहायचे. हात मागे बांधलेले. त्यांच्यासमोर त्यांची हिरवीगार मोहरी काळवंडत होती. एकदा पहाटे जड दव पडलं आणि त्यातली उंच झाडं आडवी झाली. त्या सकाळी आबांनी दोन-चार झाडं हाताने उभी करून बघितली. ती पुन्हा पडली. मला त्यांची दया आली, आणि दया आली याचाही राग आला.

मग एका रात्री वारा फिरला. उत्तरेचा, कोरडा, दाराच्या फटीतून आत शिरणारा. सकाळी आभाळ निळं लख्ख होतं आणि बोटं आखडत होती. मी अंगणात उभी राहून रडले. कोणी बघितलं नाही, बघितलं असतं तरी चाललं असतं. दांडाच्या अलीकडे मावा आला होता, पण थोडा. पुढे सरकला नाही. ढालकिडे आले आणि उरलेल्यावर त्यांनी ताव मारला.

मोहरी कापायची ती दव असताना. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीला जातात. अक्काने रस्त्याकडची कापणी वेगळी ठेवायला लावली, आतली वेगळी. ताडपत्र्या दोन, ढीग दोन. का ते तिने सांगितलं नाही. आबांनी दोन ढीग बघितले. का ते त्यांनी विचारलं नाही. काठीने झोडपताना शेंगांचा तो बारीक, कोरडा आवाज मला अजून ऐकू येतो.

माल पारोळ्याला नेला. तिथले शेठ मारवाडी. घराणं राजस्थानचं, पण हा माणूस जन्मला पारोळ्यात आणि राजस्थान पाहिलं ते लग्नापुरतं. तरी मोहरी पुढे आली की असा डोळे मिटून बोलतो जणू काल तिकडून आला. त्याने एका गोणीतले दाणे तळहातावर रगडले. मग दुसऱ्या गोणीतले. एका हातावर तेलाची चमक आली. दुसऱ्यावर नुसती धूळ, बारीक चिमटलेल्या दाण्यांची.

"आबा, ये दोन माल एका वावरचे कसे? हा खरा माल. याच्यात तेल आहे. आणि हा..." त्याने हात झटकला.

"एकच वावर शे," आबा म्हणाले. खाली बघत.

दोन मालांना दोन भाव लागले. शेजाऱ्यांचा हरभरा त्या साली उत्तम आला होता. बेरीज सगळ्यांना तोंडपाठ होती, कोणी बोलायची गरज नव्हती. तरी शर्त आबांची होती, म्हणून बोलायचं त्यांनाच होतं. "हरभरानी बराबरी नही व्हयनी," ते म्हणाले. अक्काने मान हलवली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी मूग गिळून बसले. आतली मोहरी एकटी हरभऱ्याला मागे टाकून गेली असती. हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं.

परतताना बस मिळाली. आबा खिडकीला, शेजारी अक्का, मी मागच्या बाकावर. आमचं वावर आलं तेव्हा आबांनी काच सरकवली. कापणी झालेलं, नुसती धसकटं. गाडी पुढे गेली तरी ते मान वळवून बघत राहिले.

"रस्तावरथीन तं आतलं दिसतच नही," ते म्हणाले.

अक्काने पिशवी मांडीवर नीट घेतली.

"रस्त्याकडे युरिया मी टाका व्हता."

"माले म्हाईत शे."

आबा हळू आवाजात म्हणाले, "मंग बोलनी का नही?"

"तुम्हीन बोलाले पाहिजे व्हतं."

त्यानंतर थांबा येईपर्यंत दोघं समोर बघत बसले. मी मागे बसून दोघांच्या माना बघत होते. त्या चार शब्दांत तिने भांडणही केलं नव्हतं आणि माफही केलं नव्हतं, आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

पुढच्या रब्बीला आबांनी वावराच्या मध्यावर, दांडापाशी एक काठी रोवली. "आतलं तुनं," म्हणाले आणि रस्त्याकडे हरभरा पेरायला निघून गेले. शर्तीप्रमाणे ते काहीच देणं लागत नव्हते. अक्कानेही आभार वगैरे मानले नाहीत. मोहरीचं बियाणं घेतलं आणि पेरायला गेली. तेव्हापासून अर्धं वावर तिचं आहे. तिथे काय पेरायचं, खत कोणतं, किती, कधी, हे ती ठरवते. अति तेथे माती ही म्हण आबा हल्ली दुसऱ्यांना सांगतात, तेही अगदी गंभीर चेहऱ्याने. मी हसू दाबते.

यंदा नवरात्रात त्यांनी आपणहून काठी उपटली. "अवंदा रस्त्याकडे बी मोहरीच लाव," एवढंच बोलले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आतली मोहरी कोणाच्या नजरेत नव्हती म्हणून निभावली होती. रस्त्याकडची म्हणजे आबांच्या इज्जतीची जागा. म्हणूनच आज सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलाय. वर आभाळ आहे. पाणी देऊन थोडेच दिवस झालेत आणि रस्त्याकडचा पट्टा जरा फिका दिसतोय. पारोळ्याची पहिली बस गेली तेव्हा खिडकीतून कोणीतरी हात करून रस्त्याच्या कडेला उभ्या आबांना काही म्हणालं. काय ते मला ऐकू आलं नाही, पण मला ते ऐकायची गरजही नव्हती.

थोड्या वेळाने आबा खोलीतून युरियाची अर्धी गोणी काढून अंगणात आले. माझा कप हवेतच राहिला. त्यांनी गोणी खाली ठेवली आणि उभे राहिले. वावराकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. अक्का चुलीपाशी शेंगदाणे भाजत होती. ते तिच्या दाराशी गेले. उंबरठ्याच्या बाहेर थांबले.

"रस्त्याकडे थोडा टाकू का?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाला विचारताना ऐकलं नव्हतं. अक्का उठली, पदराला हात पुसत बाहेर आली. वर बघितलं, हवेचा वास घेतला.

"नको."

"बरं," आबा म्हणाले, आणि गोणी उचलून परत खोलीत ठेवून आले.